मुलुंडच्या टेबलावर खार्किव

दिवसभर दुसऱ्यांच्या कॉमेंट्स वाचणं हेच काम असेल, तर किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणच टेबलावर येऊन बसतात! मुलुंडच्या एका कॉलेजात आम्ही तिघं युक्रेनमधल्या खार्किवच्या लोकांचं ऑनलाइन लिखाण वाचतो. कोण युक्रेनियनमध्ये लिहितं, कोण रशियनमध्ये, आणि कशाबद्दल? मी, दहिसरचा मंगेश सावंत आणि आमच्या प्रमुख कांबळे मॅडम. युक्रेनमधून आमची सहकारी, मूळची खार्किवची ओलेना, व्हिडिओ कॉलवर आमच्या चुका काढते. महिनाअखेर अहवाल गेला नाही, तर प्रकल्प बंद. मला तर तो कालच देऊन टाकायची घाई होती! बातम्यांपलीकडचं ते शहर लोकांना दिसलंच पाहिजे ना?

*

सुरुवातीलाच एका इमारतीचं पान सापडलं. नोटिसा युक्रेनियनमध्ये, वाढदिवसाच्या शुभेच्छा युक्रेनियनमध्ये. पण लिफ्ट बंद पडली की अख्खी इमारत रशियनमध्ये! मी फळ्यावर मोठ्ठा सिद्धांत मांडायला घेतला.

"अगं तन्वी, ह्यात नवीन काय?" मंगेश म्हणाला. "आमच्या सोसायटीत नोटीस इंग्रजीत, मीटिंग हिंदीत, आणि पाणी गेलं की आमची आई मालवणीत!"

"हे लिहून ठेव," मॅडम म्हणाल्या. "आईचं नाव नको टाकूस."

*

आमच्या शेजारच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "तिकडचं सगळं वाचतेस ना? मग युद्ध कधी संपणार, आतली खबर सांग."

"काका, ते नाही माहीत. पण सहाव्या मजल्यावरच्या बाई सायकल जिन्यात ठेवतात, ते माहीत आहे."

काका गंभीर झाले. "म्हणजे तिकडेही?"

*

मंगेशने तापलेल्या चर्चा हुडकणारा प्रोग्रॅम बसवला. त्याने एक चर्चा लालभडक दाखवली. दोन्ही भाषांत नुसती शिव्यांची लाखोली! "सापडली, समाजातली दरी सापडली!" म्हणत मी ओलेनाला कॉल लावला. तिने वाचलं आणि हसता हसता तिचा चष्मा पडला. विषय होता, काकडीच्या लोणच्यात व्हिनेगर घालावं की नाही!

"कोण कोणाला वेडं म्हणतंय?" मॅडमनी विचारलं.

"सगळे सगळ्यांना."

"मग माणसं ठणठणीत आहेत."

*

शेवटच्या आठवड्यात मी घाईघाईत एक नियम केला. रोज तेच वाक्य टाकणारं खातं म्हणजे बॉट, मशीनने चालवलेलं. आमच्या नोंदींतून उडवा!

"आधी ओलेनाला यादी दाखव गं," मंगेश म्हणाला.

"वेळ नाही यार!"

तरी त्याने पाठवलीच. लगेच ओलेनाचा कॉल आला. या वेळी ती हसत नव्हती. रोज सकाळी सात वाजता "सुप्रभात. आमच्याकडे शांत आहे" एवढंच लिहिणारं एक खातं मी उडवलं होतं.

"ती माझी आई आहे," ओलेना म्हणाली. "इमारतीच्या पानावर लिहिते, म्हणजे शहर सोडून गेलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना कळतं. मी दुसऱ्या शहरात असते. ते वाचल्यावरच मी चहा ठेवते."

मी ती यादी पुन्हा उघडली.

"उडवलेली सगळी खाती परत आण," मॅडम म्हणाल्या. "एकेक वाचायचं. मुदत मी वाढवून मागते. नाही मिळाली तर प्रकल्प गेला, पण असा अहवाल जाणार नाही."

ओलेना म्हणाली, "आईला सांगतेच हे!"

दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडलं. सात वाजताची ओळ होती. सुप्रभात. आमच्याकडे शांत आहे. आणि खाली, पहिल्यांदाच, आणखी एक.

"मुंबईच्या मुलांनो, मी मशीन नाही. नाश्ता केलात का?"