नाकाला न कळलेला वास

सोलापुरात आमच्या आळीचं पोट घासलेटवर चालायचं. तेल लोकांनी जाळावं, आम्हांला हवा असे तो रिकामा डबा. मुंबईहून रेल्वेनं भरलेले डबे येत, दुकानदार ते रिकामे करत आणि आळीतली माणसं ते कापून बादल्या, चाळण्या, चिमण्या बनवत. मुंबईला तेलाची बोट लांबली की आमच्याकडचे हातोडे गप्प. मग आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांवर उगाचच खेकसत.

मला पाहायला कुर्डुवाडीची मंडळी येणार ठरलं, तेव्हा आबांना हुक्की आली. पिठाचा जुना डबा गंजलेला, तो पाहुण्यांना दिसायला नको, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी नवा करून दिला. असा डबा राखेनं घासून आठ दिवस उन्हात ठेवायचा, हा आळीचाच नियम. पण आबांनी त्यात नाक घातलं आणि म्हणाले, "कुटं येतोय वास?" मग आईनं हुंगलं, मीही हुंगलं. आम्हां तिघांची नाकं कधीच कामातून गेली होती! पीठ त्यातच भरलं.

शेंगापोळ्या झाल्या. मंडळींबरोबर आलेल्या मध्यस्थानं पहिला घास घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "पोळीला घासलेटचा वास मारतोय की हो!"

आबा पांढरेफटक पडले. आणि दाराआडून पाहिलेला मुलगा तर मला फार आवडला होता.

मुलाचे वडील मात्र निवांत खात होते. रेल्वेत सिग्नलच्या दिव्यांत तेल भरायचं त्यांचं काम. "मला तर न्हाय बा येत," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं पोळी हुंगली, मुलानंही हुंगली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आमच्यात कुणालाच येत न्हाय," सासूबाई हसत म्हणाल्या. "आणा आणखी एक."

लग्न झालं. पुढं नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली आणि आमच्या खोलीत विजेचा दिवा आला. दोन वर्षांनी पंचमीला माहेरी गेले. आबा दारातच उभे होते. मी पाया पडायला वाकले, तर त्यांच्या धोतराला, हातांना घासलेटचा वास. माझ्या बापाचा वास मला जन्मात पहिल्यांदा येत होता. मला रडूच कोसळलं.

"काय झालं गं पोरी?" आबा घाबरले.

काही नाही म्हटलं. जाताना त्यांनी करून ठेवलेला नवा डबा घेतला आणि पुण्यात कितीतरी दिवस तो घासलाच नाही.