अर्धे तुमचे, अर्धे आमचे

आमच्या विद्यापीठाच्या लेखा विभागात एक बातमी कितीतरी वर्षं फिरत होती, आणि फिरवणाऱ्यांत शिपाईमामा सगळ्यांच्या पुढे. बातमी अशी, की डॉलरकाकूंचं परदेशात 'काहीतरी' आहे. काहीतरी म्हणजे काय, हे तोंडाने कोणी सांगत नसे, भुवया सांगत. पुरावा म्हणाल तर दणकट होता. वर्षातून दोन-तीनदा, दुपारची जेवणं आटोपली की काकूंचा मोबाईल वाजायचा. पडद्यावरचा तो लांबलचक नंबर बघून काकू अशा उठायच्या, की खुर्ची मागच्या कपाटावर आपटायची. तडक मागचा जिना. मग तिथून हसणं. मंद वगैरे नाही, चांगलं पोट धरून. परत यायच्या तेव्हा गाल लाल आणि चष्मा डोक्यावर.

"काय हो काकू, कोणाचा फोन?"

"बँकेचं काम."

"तीस वर्षं नोकरी केली," मामा आमच्याकडे वळून म्हणायचे, "पण बँकेच्या कामात हसू आलेलं माणूस पाहिलं नाही बुवा."

"तेही या वयात," टायपिस्टबाई भर घालायच्या. टायपिस्टबाई काकूंपेक्षा वयाने मोठ्या, हे सांगितलेलं बरं.

डॉलरकाकू हे नाव आमचंच. परदेशातून येणारे आणि परदेशात जाणारे पैसे ही त्यांच्या टेबलाची हद्द. बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी, बाहेरच्या नियतकालिकांची वर्गणी, पाहुण्या प्राध्यापकांचं मानधन, सगळं त्यांच्याकडे. गंमत अशी, की या बाईंनी डॉलरची नोट क्वचितच हातात धरली असेल. सगळा कारभार पडद्यावर. लोक सकाळी उठून आभाळ बघतात, काकू दर बघायच्या. दर चढला की त्यांचं तोंड उतरायचं, कारण त्या दिवशी नेमकं कोणाचं तरी बिल बाहेर पाठवायचं असायचं.

प्राध्यापक मंडळी परिषदेहून परतली की उरलेली चिल्लर घेऊन काकूंकडे हजर.

"काकू, हे जमा करून घ्या."

"सर, बँक परदेशी नाणी घेत नाही."

"मग याचं करू काय?"

"नातवाला द्या. भोवऱ्यासारखी फिरवेल."

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोरच, कपाटाएवढं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर स्क्रू शोधणारा गरीब माणूस. संध्याकाळी काकू दुकानाशी थांबल्या की भिंग न काढताच विचारायचा, "आज काय भाव?"

"कशाचा? डॉलरचा, की तुमचा?"

"माझा स्थिर आहे. लग्नात होता तेवढाच."

"म्हणूनच कोणी विचारत नाही!"

असा संसार. त्यात 'काहीतरी' कुठून शिरणार, असं तुम्हाला वाटेल. मामांना मात्र उलट वाटायचं. ते म्हणायचे, इतकं हसणारं घर असलं की समजावं, पाणी मुरतंय.

आता काकूंची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत त्या खोडीने घडवलं. बाई पाच बहिणींत मधली. लहानपणी घरात अख्खं असं काही मिळायचंच नाही. पेन्सिल आली तरी मोडून दोघींत. त्यामुळे वाटून घेणं अंगात मुरलेलं. डब्यातली पोळी अर्धी तुम्हाला. चहा अर्धा तुम्हाला. बिस्किट मोडताना लहानमोठे तुकडे झाले, तर मोठ्यातला कोपरा मोडून पुन्हा सारखं करणार, आणि तो मोडलेला कोपरा कोणाचा यावर वाद घालणार. पंख्याखालची जागासुद्धा अर्धी टायपिस्टबाईंना दिलेली, म्हणजे दोघींनाही धड वारा लागत नसे.

तर एकदा परदेशातून एक मुलगी आमच्याकडे शिकायला आली. जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं तिला. उंच, किडकिडीत, घोडा दिसला की रस्ता सोडून त्याच्याशी बोलायला जाणारी. पोरगी वर्षभरात आपली भाषा बोलायला शिकली, फक्त क्रियापदं कुठून कुठेही लावायची. बाप बेकरीवाला. स्वतः भट्टीशी उभा राहणारा, हाताखाली एखादा माणूस असेल नसेल.

दुसऱ्या वर्षाची फी पाठवायच्या आधी या बापाने विद्यापीठाला ईमेल केली. परदेशी पैसे पाठवताना बँकेच्या कागदावर तीन चौकटी असतात. वाटेतल्या बँकांचा खर्च कोणी सोसायचा, त्याच्या. पहिली चौकट म्हणजे पाठवणारा सोसेल. दुसरी, घेणारा सोसेल. तिसरी, दोघं वाटून घेतील. बापाने लिहिलं होतं, 'आपल्याला कमी पडू नये, मलाही जड जाऊ नये. खूण कुठे करू?'

एरवी काकू डोळे मिटून सगळ्यांना पहिली चौकट सांगायच्या. पण इतकं गोड विचारणारा बाप त्यांना कधी भेटला नव्हता. पाच बहिणींतली मधली जागी झाली. काकूंनी आनंदाने उत्तर ठोकलं, 'तिसरी. अर्धे तुमचे, अर्धे आमचे.'

पैसे निघाले. वाटेत एका बँकेने चावा घेतला, इथल्या बँकेने दुसरा. फी पोहोचली ती तेहेतीस डॉलर कमी.

तुम्ही म्हणाल, तेहेतीस तर तेहेतीस. पण आमचं संगणकखातं भारी मानी. फी पुरी असेल तर नावापुढे हिरवी खूण, नाहीतर लाल. लाल खुणेचं नाव परीक्षेच्या यादीत जात नाही. यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होती. परीक्षा हुकली की वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालं की इथे राहायची परवानगीही संपली. मग पोरीला घोडे सोडून बापाच्या भट्टीशी परत जाणं आलं.

मुलगी काउंटरशी येऊन उभी राहिली. मुठीत आपले इथलेच पैसे.

"काकू, घ्या. मी आहे पैसे."

"अगं, हे चालत नाहीत बाळ. परदेशी विद्यार्थ्याची फी परदेशातून, परदेशी चलनातच यायला लागते. नाहीतर मीच पर्समधून काढून दिले नसते का?"

"बाबा पुन्हा पाठवतील?"

"तीन-चार दिवस लागतात. आणि तेहेतीस निघाले तर वाटेत खाऊन-पिऊन पोहोचतील बारा."

पोरीने जरा विचार केला. मग म्हणाली, "बाबा पूर्ण पाठवला, काकू. त्याने तिसरी चौकट केली. तुम्ही सांगितला."

यात तक्रार नव्हती हो, माहिती होती. पण काकूंच्या हातातलं अर्धं बिस्किट चहात पडलं.

आमचे वित्त अधिकारी म्हणजे कुलूपसाहेब. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक अर्जाला पहिलं उत्तर 'नाही'. कोणी नमस्कार केला तरी आधी 'नाही' म्हणायचे आणि मग हात जोडायचे, अशी मामांची टिंगल. काकू त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या, आणि मामा दाराबाहेरचा स्टूल पुसायला लागले. त्या स्टुलाला इतकं स्वच्छ आम्ही पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पुढचं सगळं त्या स्टुलाच्या कृपेने.

"नाही," साहेब म्हणाले.

"मी अजून बोललेच नाही, साहेब."

"बरं, बोला."

काकूंनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "नियमात बसत नाही. फी कमी ती कमी."

"साहेब, मी लेखी कळवलंय, अर्धा खर्च आपला. आता शब्द पाळायला नको?"

"आपला म्हणजे कोणाचा?"

"विद्यापीठाचा."

"तुम्ही विद्यापीठ कधीपासून झालात, बाई?"

"सकाळी साडेदहापासून. संध्याकाळी सुटते."

मामा सांगतात, त्यांनी फडकं दातात धरलं.

"बाई, हे तुम्ही कोणाला विचारून लिहिलंत?"

"कोणालाच नाही. चूक माझी. मला मेमो द्या. पण पोरीचं नाव यादीत घ्या. बँक खर्चाचं खातं आहे आपल्याकडे, त्यात तेहेतीस टाका."

"मेमो सेवापुस्तकात लागतो, ठाऊक आहे ना? पुढच्या वर्षी तुमची बढती आहे."

बढती म्हणजे वेगळं टेबल, अख्खा पंखा.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "अर्धा मेमो मिळत असेल तर बघा. नसेल तर अख्खा द्या."

कुलूपसाहेबांच्या आयुष्यात मेमो चुकवणारे खूप आले होते. मागून घेणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यांनी पेन काढलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. शेवटी दोन कागद झाले. एकावर मेमो, दुसऱ्यावर तेहेतीस डॉलरची मंजुरी. यादी बंद व्हायच्या आधी पोरीच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. ती बघायला आम्ही सगळे काकूंच्या पडद्याशी गोळा झालो होतो. एरवी हिरव्या खुणेकडे कोण बघतं? पोरीने काकूंना उचललं. म्हणजे अक्षरशः उचललं. घोड्यांची सवय.

"खाली ठेव गं बाई! माझा चष्मा!"

बढती लांबली. ती पुढे दोन वर्षांनी मिळाली, पंख्यासकट. तेव्हाही काकूंनी तो पंखा टायपिस्टबाईंच्या बाजूला वळवून घेतलाच. मेमो हातात पडला त्या संध्याकाळी घड्याळवाल्याने तो भिंगातून वाचला.

"अक्षर सुरेख आहे साहेबांचं," तो म्हणाला. "यातला अर्धा मला?"

"घ्या की. हवं तर सगळा घ्या."

त्याने खरंच तो मेमो दुकानातल्या भिंतीवर, बंद पडलेल्या घड्याळांच्या मधोमध अडकवला. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय? तो सांगायचा, बायकोचं प्रशस्तिपत्र. साहेबांनी एकदा पट्टा बदलायला घड्याळ आणलं, तेव्हा तो मेमो त्यांनी पाहिला, आणि दुकानात सुट्टे नव्हते तर उरलेले पैसे परत मागितले नाहीत. कुलूप तेवढंच उघडलं.

मुलगी पुढे पास झाली, दरवर्षी झाली, आता कुठल्याशा डोंगराळ गावात घोड्यांच्या पोटाला कान लावून बसते.

राहता राहिली ती बातमी. मामा निवृत्त झाले तरी अजून तिच्यावर ठाम आहेत, टायपिस्टबाईही. तर ऐका.

फोन त्या बेकरीवाल्या बापाचा असायचा. तेहेतीस डॉलरच्या घोटाळ्यानंतर त्याचा चौकटींवरचा विश्वास उडाला होता, म्हणून फीचा प्रत्येक हप्ता पाठवायच्या आधी तो काकूंना विचारायचा, खूण कुठे करू. काकू सांगायच्या, पहिल्या चौकटीत. त्याला त्यांची इंग्रजी कळत नसे, त्यांना त्याची, म्हणून दोघं हसायची. आणि काकू जिन्यात जायच्या, कारण आमच्या विभागात मोबाईल वाजण्यापुरतीच रेंज होती, बोलण्यापुरती नव्हती.