भगव्यावरची नारिंगी पट्टी

माझा धाकटा भाऊ धम्मपाल कुणाला नाही म्हणत नाही. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी त्याची मोठी बहीण आहे, मी याला भित्रेपणा म्हणते. महाडला एसटी स्टँडच्या मागे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. शाळा, मंडळं, पाणी समित्या यांचा कारभार ज्या वेबसाइटवरून चालतो, तिचं आतलं पान तो सजवून देतो. त्याला तो पॅनल म्हणतो. पॅनल मूळचं कुठल्यातरी कंपनीचं, सगळ्यांना एकच. त्यावर ज्याचं त्याचं नाव, चिन्ह, रंग आणि उघडताना दिसणारं चित्र बसवायचं, एवढंच याचं काम. "ताई, आत काय आहे ते कुणी विचारत नाही गं, आपलं नाव केवढं दिसेल तेवढंच विचारतात," असं हसत सांगायचा. तेव्हा हसायचा.

आमचं गाव पोलादपूरहून कशेडीकडे जाताना आत वळलं की लागतं. नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ झालंय. वर एक वाडी, खाली आमची बौद्धवाडी. टाकी एक, नळाच्या लाइनी दोन. दोन का, हे गावात कुणी विचारत नाही आणि मीही इथे सांगत बसणार नाही. नवी योजना आली तेव्हा टाकीवर यंत्रं बसली. पाणी किती आहे, औषध पडतंय का, सगळं मोबाइलवर पॅनल उघडलं की दिसायला लागलं, आणि पाणीही तिथूनच सोडायचं. खालचं पाणी काशीरामकाका सोडायचे, वरचं सुनील. सुनील धम्मपालच्या वर्गातला. दोघं एकाच बाकावर बसून गणितात नापास झालेले.

पॅनलला रंग कुठला द्यायचा यावर समितीच्या बैठका फिसकटल्या. वरच्यांना भगवा हवा, आमच्यांना निळा. मी पांढरा सुचवला तर म्हणे मयताचा वाटतो. शेवटी आमच्या बंधुराजांनी तोड काढली. वरच्या वाडीचा माणूस आत शिरला की पान भगवं, खालचा शिरला की निळं. काय कौतुक झालं म्हणता! समितीचे अध्यक्ष भिकाजीशेठ यांनी त्याला नारळ दिला, आणि वर आणखी एक काम चिकटवलं. वरच्यांच्या पानावर भगव्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांत शुभेच्छा सोडायच्या. सणांच्या, वाढदिवसांच्या, भिकाजीशेठचा नातू पास झाला त्याच्याही. धम्मपाल म्हणाला, करतो. पहिले काही दिवस सुनीलने त्या वाचल्या असतील. मग कोण वाचतंय?

श्रावणात टाकीवरचं औषधाचं यंत्र बंद पडलं. पाऊस मुसळधार, पाणी गढूळ. पॅनलवर इशारा आला, 'टाकीत औषध नाही, पाणी सोडू नये.' इशाऱ्याची पट्टी कंपनीकडून आली तशीच ठेवलेली, नारिंगी, तिच्यावर पांढरी अक्षरं. आमच्या निळ्यावर ती डोळ्यांत घुसली. काशीरामकाकांनी पाणी सोडलं नाही. वरच्यांनाही दिसलंच असेल, असं त्यांना वाटलं. पण वरच्या वाडीच्या पानावर भगव्याला लागून नारिंगी. सुनीलला तो सगळा एकच पट्टा दिसला, कुणाचातरी वाढदिवस. त्याने पाणी सोडलं.

वरच्या वाडीत उलट्या-जुलाब लागले. बाकीचे उठले. सुनीलची आई रंगूबाई मात्र महाडला नेईपर्यंतच संपली. मी लहानपणी शाळेला जाताना ही बाई मला रोज काकडी द्यायची. हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकायची, पण द्यायची. त्या टाकण्याचा मला अजून राग येतो, आणि ती गेल्याचं कळलं तेव्हा मी ढसाढसा रडले. दोन्ही खरं आहे.

सुनील एकच सांगत राहिला, "पट्टी दिसली नाय." लोक म्हणायचे, "आईला घालवलान आन् वर पट्टी दिसली नाय म्हणतोय." त्याची बायको रूपाली त्याच्याशी बोलेनाशी झाली. दुसरीकडे कुजबुज सुरू झाली, खालच्या वाडीत कसं कोण आजारी पडलं नाय?

एके दिवशी माझ्याकडे जेवायला आला असताना धम्मपालने लॅपटॉप काढला. सुनीलच्या नावाने पॅनल उघडलं आणि तोच इशारा पुन्हा लावून बघितला. "ताई, पट्टी दिसते का?" मी बघितलं. नाही दिसली. त्याने बोट ठेवलं तेव्हा दिसली. "मी त्याच्या बाजूने एकदाही उघडून बघितलं नव्हतं," म्हणाला, आणि ताट तसंच सारून उठला.

त्याने सुनीलला जाऊन सांगितलं. सुनीलने त्याचे दोन्ही हात धरले. "अरे धम्मा, हेच समितीत बोल. रूपालीसमोर बोल. मी आईला मारली नाय, एवढं तिला कळू दे." माझ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काही बोलायचं होतं. म्हणून मीही बैठकीला गेले.

शाळेच्या पडवीत गाव जमला होता. धम्मपाल उभा राहिला. "सुनीलची चूक नाही. भगव्या रंगामुळे इशारा दिसत नव्हता. रंग मी लावला, चूक माझी आहे." अहो, सरळ तर होतं! पण लोकांनी पुढचं ऐकलंच नाही. "भगव्यामुळं?" कुणीतरी ओरडलं. "आमच्या रंगानं म्हातारी मारली म्हणतोस?" दुसरा म्हणाला, "निळ्यात दिसतंय आन् भगव्यात दिसत नाय, हे सांगायला आलायस होय रे?" धम्मपाल म्हणत राहिला, चूक माझी आहे, माझी आहे. कुणीतरी त्याची कॉलर धरली. आमच्याकडची पोरं उठली. भिकाजीशेठ नुसतेच "बसा, बसा" करत होते.

तेवढ्यात सुनील उठला.

"पट्टी दिसली होती मला," तो म्हणाला. "मीच ध्यान दिलं नाय. रंगाचा काय संबंध नाय. सोडा त्याला."

कॉलर सुटली. रूपाली दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. मला तिथल्या एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती, आणि मी जागची हलले नाही. तो राग अजून माझ्याकडेच आहे, काय करू त्याचं?

तेव्हापासून धम्मपालला कशानेच काही होत नाही. वाढलं तर जेवतो, विचारलं तर बोलतो. बरं वाटतंय का म्हटलं तर हो, नाही वाटत का म्हटलं तरी हो. दुकान उघडतो, नावं बसवतो. इशाऱ्याची पट्टी त्याने गुपचूप काळी करून टाकली. का केली, असं कुणीही विचारलं नाही.

समितीने मोठ्या मनाने सुनीलला माफ केलं आणि पाण्याचं काम त्याच्याकडेच ठेवलं. ठरावही केला, की पॅनल उघडताना रंगूबाईंचा फोटो दिसावा, भावपूर्ण श्रद्धांजली म्हणून. कोपऱ्यात शोकाकुल भिकाजीशेठ, हात जोडलेले. धम्मपाल म्हणाला, करतो. केलंही.

परवा मी दुकानात बसले होते तेव्हा सुनीलचा फोन आला. धम्मपालच्या हातात काम होतं, म्हणून फोन टेबलावर ठेवून त्याने स्पीकर लावला.

"धम्मा, रोज पहाटं पाणी सोडायला उघडलं की आईच येते रे समोर. तिच्यावर बोट दाबल्याबिगर आत जाता येत नाय. तेवढा फोटो काढशील?"

काढायला त्याला मिनिटभरही लागलं नसतं. मी त्याच्याकडे बघत होते.

"समितीला विचारावं लागेल," धम्मपाल म्हणाला.

पलीकडे नळाचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"मग ऱ्हाऊ दे," सुनील म्हणाला.