करारावरची वेबसाईट

माझ्या थोरल्या साडूंचा या जगात फक्त अणदूरच्या खंडोबावर विश्वास आहे, आणि तोही लेखी. देव अणदूरहून नळदुर्गला मुक्कामाला निघाला की दोन्ही गावचे मानकरी करार करतात, परत आणायची तारीख घालतात. "देवाचं कागदावर चालतंय, मग माणसाचं तोंडी कसं चालंल?" हा साडूंचा सवाल. माझ्या घरचा चहासुद्धा ते मी एक घोट घेतल्यावरच तोंडाला लावतात.

अशा माणसानं स्वतःची वेबसाईट काढली, ती बायकोपायी. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आम्हा सगळ्यांच्या अक्का. रानभाज्यांच्या मोठ्या जाणकार. घोळ कुठं उगवते, पाथरी कशी ओळखायची, हे सगळं साडूंनी त्यांच्याच आवाजात फोनमध्ये भरून घेतलं होतं. अक्का गेल्या, आणि हा आवाज ठेवायचा कुठं असा प्रश्न पडला. मी फुकटच्या जागा सुचवल्या. "फुकट देणाऱ्याचा डोळा कशावर तरी असतोयच, पाव्हणं," ते म्हणाले. शेवटी धाराशिवहून अणदूरला खेटे घालून मीच वेबसाईट उभी करून दिली. फोन चोरीला जाईल म्हणून साडूंनी त्यातलं सगळं लगोलग पुसूनही टाकलं.

उभी करणं सोपं होतं. सांभाळणं मात्र म्हैस पाळण्यासारखं, एक दिवस सुट्टी नाही. अपडेट आलं की साडू आधी विचारणार, "कुणी धाडलं?" पासवर्ड दर अमावास्येला बदलणार, ज्वारीच्या कोठीत लपवणार, आणि मग अख्खी कोठी उपसणार. परदेशातून कुणी 'माहिती फार आवडली' असं लिहिलं तर, "ह्येला तांदुळजा ठावं हाय का? लई गोड बोलतंय, काढून टाका!" रोज सकाळी चहा झाला की ते अक्कांचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. "कुणी काय बदललं न्हाय ना, बघाय नगं व्हय?" म्हणायचे. मला तेव्हा ते खरंच वाटायचं.

पुढं वेबसाईटच्या नावाची मुदत संपत आल्याच्या सूचना येऊ लागल्या. "लिंक दाबा म्हंतंय. म्या काय खुळा हाय?" साडूंनी एकूण एक सूचना पुसल्या, वर सगळ्या आळीला सावध केलं. आणि एका सकाळी मला फोन आला. "पाव्हणं, तुमची अक्का बोलंना झालीया." पाठोपाठ, "उभी तुमीच केलती न्हवं?" मला राग आला, पण त्यांचा आवाज इतका कापत होता की मी गुमान एसटी पकडली.

नशिबानं ते नाव अजून दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. मुदत वाढवली, आणि संध्याकाळी अक्का पुन्हा बोलू लागल्या. साडूंनी उपरण्यानं डोळे पुसले, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. करार! वेबसाईट यापुढं पाव्हण्यांनी सांभाळावी, अक्कांचा एक शब्द इकडचा तिकडं करू नये. खाली पासवर्ड, सही आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षी.

"साडूभाऊ, परत कधी द्यायची ती तारीख राहिली."

"देवाला माघारी यायचं असतंय, पाव्हणं. माझं आता म्होरं जायाचं दिस. ऱ्हाऊ द्या तारीख."

आता रोज सकाळी चहा झाला की मी ऐकायला बसतो. थोड्या वेळानं साडूंचा फोन येतोच. "समदं ऐकलं? खरं सांगा. पाथरी कशी वळकायची?"

"पान मोडून बघायचं. पांढरं दूध आलं की पाथरी," मी अक्कांच्याच शब्दांत सांगतो. "आता घोळ कुठं उगवती, त्ये बी तसंच सांगा," साडू म्हणतात.