गाडी पाहून देणारे भाऊ

समोरच्याशी एक शब्द बोलायच्या आधी भाऊ त्याच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. हात तसाच ठेवून मग विकणाऱ्याकडे बघायचे.

"तापली हाय. कोनासाठी तापवली?"

"नाही, जरा दूध आणायला गेलो होतो."

"दूध कुठं हाय मंग?"

रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी सुरू होताना आपले सगळे रोग बोलून दाखवतं. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी एक चक्कर फिरवून आणतो. आज हे कुणालाही मोबाइलवर वाचायला मिळतं. पण वाचणं वेगळं आणि त्या माणसाच्या दारात, त्याच्या बायकोसमोर, त्याला दुधाची पिशवी विचारणं वेगळं. भाऊ ती विचारायचे, आणि आम्ही मागे उभे राहून हसू दाबायचो.

तुमच्याही कॉलनीत असा कोणीतरी असेल, ज्याला सोबत नेल्याशिवाय जुनी गाडी घ्यायची कुणाची छाती होत नाही. अमरावतीत आमच्या कॉलनीत ते भाऊ होते. तहसीलमध्ये कारकून म्हणून निवृत्त झालेले. गॅरेजशी जन्माचा संबंध नाही. स्वतः कधी कार घेतली नाही, स्कूटरवरच फिरायचे. गाडीची विद्या त्यांना किती होती, मला आजही सांगता येणार नाही. पण माणूस कुठं चाचरतो ते त्यांना नेमकं कळायचं. "गाडीले काय पाह्यता," म्हणायचे, "गाडीले तोंड नाही. ज्याले तोंड हाय त्याले पाहा."

तरी पाहायचे सगळं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पुराच्या पाण्याची रेघ शोधायचे. डिकीतली चटई उचलून स्टेपनीखाली गंज शोधत बोट फिरवायचे. क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालेलं दिसलं की मीटरकडे बघून विकणाऱ्याला म्हणायचे, "मीटर थांबवता आलं तुमाले, पाय नाही थांबवता आले."

एकदा अकोल्याला जठारपेठेत एका गृहस्थाकडे गेलो होतो. माणूस सज्जन, बोलणं हळू. बायको चहा टाकायला आत वळली होती. भाऊंनी कागद पाहिले आणि मोठ्यानं विचारलं, "बाई, गाडी नवीच घेतली होती म्हनता?"

"हो. शोरूममधून आणली ना यांनी. हार घालून."

"हार नवा असन. गाडी तिसऱ्या हातची हाय."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. तो खाली बघत होता. इतकी वर्षं माहेरच्यांना ज्या गाडीचं कौतुक सांगितलं, ती गाडी त्यांच्यासमोर भाऊंनी दोन वाक्यांत सोलून ठेवली. त्या आत गेल्या आणि चहा काही आला नाही. परत येताना बडनेऱ्यापर्यंत आम्ही त्या न आलेल्या चहावर हसत होतो. मीही हसत होतो. जरा जास्तच.

कारण त्यांची जीभ माझ्यावरही चालायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, म्हणून त्यांच्यासाठी मी मास्तर. माझ्यासाठी त्यांनी चार गाड्या नापास केल्या, तेव्हा कुठे एक पांढरी छोटी गाडी पसंत केली. पेढे द्यायला बायकोसह त्यांच्या घरी गेलो तर तिला म्हणाले, "पोरी, याच्या भरवशावर भाजी बी आनत नको जाऊ. यानं पसंत केलेल्या चारीच्या चारी गाड्या भंगार होत्या. तू कशी सापडली याले, तेच समजत नाही." बायको हसली. ती हसली म्हणून मीही हसलो. मग कॉलनीत कुणीही काही विकत घेतलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "मास्तराले नाही ना दाखवलं?" गणपतीत, लग्नात, अगदी माझ्या वडिलांच्या तेराव्यालासुद्धा.

हे मी का सांगतोय ते कळतं मला. माझा गुन्हा थोडा हलका व्हावा म्हणून सांगतोय. पण तो तसा होत नाही.

ती पांढरी गाडी काही वर्षं छान चालली. मग तिचं पाणी कमी होऊ लागलं. कुठे गळताना दिसायचं नाही, पण दर आठवड्याला कमी. मेकॅनिक म्हणाला, "सर, हेड गॅस्केट गेली. पानी आतल्या आत इंजिनात जाते. हेड खोलावं लागन. गावात फिरवान तोवर काही नाही. उन्हात लांब नेली, तर इंजिन बसन." दुरुस्ती मला झेपणारी होती. पण गाडी काढायचीच होती, तर तिच्यात आणखी कशाला घालायचं, असा मी विचार केला. तुम्हीही केला असता असं म्हणून मी पुष्कळदा सुटायला बघतो.

मी रेडिएटरमध्ये गळती तात्पुरती थांबवणारं औषध ओतलं. ऑइल बदललं. ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याच्या झाकणाखाली जमलेली पांढरी साय फडक्यानं पुसली. हे सगळं कुठून शिकलो? भाऊंच्या मागे उभं राहून. ते कुठे बोट घालतात, कुठे नाक लावतात, सगळं पाठ होतं.

मग एका संध्याकाळी भाऊच आले. त्यांची एकुलती एक मुलगी अकोल्याला दिलेली. तिच्या घरी छोटी गाडी हवी होती.

"काढून राह्यला म्हने तुयी?"

"हो भाऊ."

"जावयाले पाह्याची हाय. उद्या सकाळी येतो."

त्या क्षणी सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, ही नका घेऊ. मी म्हणालो, "या ना. थंड ठेवतो गाडी." आणि खरं सांगायचं तर मला उकळ्या फुटत होत्या. सगळ्या गावाचं खोटं पकडणारा माणूस माझं पकडतो का, ते मला बघायचं होतं. त्यांच्या मुलीचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

सकाळी भाऊ जावयाला घेऊन आले. गाडी दारात उभी होती. भाऊ तिच्या बाजूनं चालत सरळ घरात आले, खुर्चीवर बसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "साखर कमी टाक वो."

जावई बाहेरच घुटमळत होता. दारातून म्हणाला, "मामाजी, बॉनेट उघडून पाह्यता ना?"

"काहून?"

"नाही, पाहून घेतलेलं बरं."

"मास्तराची हाय ते. माह्या समोर घेतली त्यानं. दुसऱ्याच्या घरचं मी तपासतो, घरचं काय तपासू? चाल, चहा घे."

मी म्हणालो, "भाऊ, तरी एकदा पाहून घ्या." खूप मोकळ्या मनानं म्हणालो. तसं म्हटलं की माणूस अजिबात बघत नाही, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

भाऊ जावयाकडे बघून म्हणाले, "पाह्यलं? असा असते मानूस."

त्यांनी आयुष्यात न तपासता पास केलेली ती एकच गाडी.

मे महिन्यात जावयाच्या आतेभावाचं लग्न आलं, अमरावतीत. अकोल्याहून सगळे गाडीत बसून निघाले. जावई, मुलगी, सासू, सासरे आणि नणंद. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीतून वाफ आली आणि इंजिन बसलं.

मला भाऊंचा फोन आला. "तू चाल माह्यासंगं. तुले ते गाडी माहीत हाय." आम्ही एसटीनं गेलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "पाइप-बिइप फुटला असन."

हायवेच्या कडेला एका बाभळीच्या फाटक्या सावलीत पाच माणसं लग्नाच्या कपड्यांत उभी होती. सासूबाईंनी पैठणीचा पदर डोक्यावर घेतला होता. मुलीच्या चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळली होती. आम्ही दिसताच सासूबाई मुलीला म्हणाल्या, आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं, "आले पाहा तुये बाबा. साऱ्या अमरावतीले गाड्या पाहून देतेत. पोरीचीच तेवढी राह्यली."

मुलगी वडिलांकडे बघेना.

भाऊंनी बॉनेट उघडलं. ऑइलचं झाकण काढून आत पाहिलं. रेडिएटरच्या तोंडाशी त्या औषधाचा तपकिरी चिखल साचला होता. त्यांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. एखाद्या विकणाऱ्याकडे बघत त्याहूनही कमी.

जावई म्हणाला, "मामाजी, तुमी पाह्यली होती ना गाडी? का नव्हती पाह्यली?"

दोन्ही उत्तरं वाईट होती. नव्हती पाहिली म्हटलं, तर पोरीच्या जिवाची पर्वा न केलेला बाप. पाहिली म्हटलं, तर काही न कळणारा म्हातारा. तिसरं उत्तर त्यांच्याशेजारी उभं होतं, बूट वितळतील अशा डांबरावर. त्यांनी ते दिलं नाही. मीही दिलं नाही.

"पाह्यली होती," भाऊ म्हणाले. "मले समजलं नाही."

"वय झालं आता," सासरे समजुतीनं म्हणाले. आणि तिथून ते सुरू झालं.

कॉलनीनं भाऊंना सोडलं नाही. कसं सोडेल? इतकी वर्षं ज्यांना दुधाची पिशवी विचारली गेली होती, ते सगळे आता विचारू लागले. "भाऊ, जावई गाडी चालवतेत का लोटतेत?" "भाऊ, सायकल घ्याची होती, पाहून देता?" पूर्वी माझ्यावर चालायचं ते वाक्य आता फिरलं होतं. "भाऊले नाही ना दाखवलं?" मी तिथेच उभा असायचो. हसायचो नाही. पण कुणाला थांबवलंही नाही.

मुलीला वेगळीच काळजी लागली. बाबांना एवढं मोठं दिसलं नाही म्हणजे नजर गेली असणार. ती येऊन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वयाला शोभेल असा किरकोळ नंबर काढून दिला, तिनं जाड काड्यांचा चष्मा करून आणला. स्कूटरची चावी काढून घेतली. सुट्टीत तिचा मुलगा आला तर नातवाला घेऊन चौकात जायचं नाही, असं तिच्या सासरहून बजावून आलं होतं. भाऊ सगळ्याला हो म्हणाले. पेपर वाचताना चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पोरीची चाहूल लागली की खाली घ्यायचे. हे मी माझ्या खिडकीतून पुष्कळदा पाहिलं आहे.

शेवटी, आता एकटं ठेवायला नको म्हणून, ती त्यांना कायमचं अकोल्याला न्यायला आली. सामान बांधलेलं होतं. मी गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. भाऊ खाटेवर बसले होते, चष्मा बाजूला ठेवलेला. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही तर रोज बघत होते यांना. खरं सांगा, बाबांना अलीकडे समजत नाही ना नीट? मी जबरदस्तीनं तर नाही नेत ना?"

तिच्या आवाजात फार आशा होती. मी नाही म्हणावं, तिला थांबवावं, अशी. भाऊही माझ्याकडे बघत होते. मी एक वाक्य बोललो असतो तर ते आपल्या घरात राहिले असते.

"वय झालं की होतं असं," मी म्हणालो.

भाऊंनी चष्मा उचलला, बनियनच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला. दोन हातांच्या अंतरावरून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"माय," ते मुलीला म्हणाले, "हे कोन बसले हायेत?"

तिला हुंदका फुटला. तिनं माझं नाव सांगितलं, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं.

"नाही माय," भाऊ म्हणाले, "नाही येत वळखू."