पत्रकातलं अकरावं नाव
आमच्या गास गावच्या विहिरी उपसून पाणी नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींना टँकरने विकलं जायचं, आणि आमच्या केळीच्या वाड्या सुकायच्या. म्हणून आम्ही अकरा जणं रस्त्यावर बसलो. पोलिसांनी उचललं. कोर्टात वकील म्हणाले, "कबूल करा, दंड भरा, घरी जा. तारखांना कोण येणार?" आम्ही एका सुरात कबूल केलं. वर मी पत्रक काढलं: 'होय, आम्ही गुन्हेगार आहोत!' खाली अकरा नावं. घरोघर वाटलं. काय माज होता!

अकरावं नाव शेजारच्या मावशीच्या मुलीचं. पुढे ती नर्स होऊन कॅनडाला गेली, तिथे कायमचं राहायला अर्ज केला. आणि एका सकाळी मावशी तेच पत्रक नाचवत आमच्या ओट्यावर.

"बाय, तुझी गुन्हेगार तिकडे अडकली! पोलिसांच्या दाखल्यावर शिक्षा दिसते. साठ दिवसांत कोर्टाचा निकाल द्या, नाहीतर परत जा म्हणतात."

"मावशी, पण आपण गुन्हा केलाच नव्हता!"

"छापताना नाही सुचलं?"

डोकं फिरलं माझं. पाणी उपसणाऱ्यांचे दाखले कोरे, आणि रस्त्यावर बसलेली पोरगी गुन्हेगार! पण संतापून निकालाची नक्कल मिळत नाही. रोज वसई कोर्टात खेपा.

"एवढ्या किरकोळ केसचा कागद कशाला?" कारकून म्हणाला.

"कॅनडाला पाठवायचाय."

चहा तसाच टाकून तो उठला! तरी गठ्ठे उपसण्यात चाळीस दिवस गेले. मग सापडला. अर्धं पान. रस्ता अडवला, मारहाण नाही, नुकसान नाही, दंड भरला. मी कोर्टातच ओरडले. शिपायाने बाहेर काढलं, मी हसतच गेले.

सोबत खुलासा हवा होता. ती फोनवर म्हणाली, "तूच लिही. मी इकडे भाषांतर करून घेते. पण पत्रकासारखं नको हां." चार कागद फाडले. पाचव्यावर उतरलं: 'आम्ही विहिरींसाठी बसलो. कबूल केल्याने पुढे काय होतं, ते तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.'

काही महिन्यांनी मावशी वाडीतून धावत, चपला हातात. "राहू दिलं गं तिला! कायमचं!" आम्ही दोघी ओट्यावर अक्षरशः नाचलो.

दम खात ती म्हणाली, "पुन्हा नावं छापशील?"

"विचारून छापीन."

"मग माझं छाप. मला कुठे जायचंय?"