जहांआरा सिस्टरचं गोड बोलणं

जहांआराच्या गोड बोलण्याचं दवाखान्यात भारी कौतुक होतं. शहागंजात वाढलेली पोर, घरात दखनी उर्दू आणि शेजारीपाजारी मराठी, त्यामुळे समोर कोणीही येवो, तिची जीभ कधी अडली नाही. शहरातल्या या कॅन्सरच्या दवाखान्याला तालुक्यांतली लहान रुग्णालयं जोडलेली होती. तिकडून आलेल्या पेशंटला तपासणीपासून शेवटच्या उपचारापर्यंत सांभाळून न्यायचं, हे तिचं काम. डॉक्टर भालेराव बाई चारचौघांत सांगायच्या, जहांआराचे पेशंट कधी घाबरत नाहीत. का घाबरत नाहीत, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

त्याचं काय होतं, पेशंटसमोर 'कॅन्सर' म्हणायचंच नाही, असा तिथला रिवाज पडून गेला होता. नातेवाईक आधीच बाजूला घेऊन हात जोडायचे. मग डॉक्टरपासून आयापर्यंत सगळे 'गाठ, गाठ' करत फिरायचे. बाहेर पाटीवर हातभर अक्षरांत जे लिहिलंय, ते आत कुणी तोंडातून काढायचं नाही! ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, बाकीच्यांनी गाठ समजावी, असा सगळा कारभार.

पिशोरच्या सरूबाईला वाचता येत नव्हतं. छातीत गाठ घेऊन ती आली, तेव्हा तिच्या लेकाने, रामकिसनने, जहांआराला जिन्यातच थांबवलं. "ताई, आईला सांगू नका. नाव ऐकलं तरी हाय खाईल ती." जहांआराने मान डोलावली. असं रोजच कुणी ना कुणी सांगायचं. आधी सलाईनमधून केमोचं औषध देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचे शेक, असं ठरलं.

सरूबाई शिकलेली नसेल, पण भोळी नव्हती. पहिलं सलाईन लावताना तिने जहांआराला खाली वाकायला लावलं. "डॉक्टरीन बाईला ईचारायचं भ्या वाटतं. पोरगं तोंड चुकवतंय. तू मला लेकीवाणी हायेस, म्हणून तुला ईचारते. मला कॅन्सर तर नाय ना?"

"अल्लाची शपथ, मावशी, साधी गाठ हाय. औषधानं विरून जाईल."

शपथ तिच्या तोंडातून निघून गेली आणि मग तिला चटका बसला. आजवर ती खोटं बोलली होती, पण शपथ घेऊन नाही. सरूबाईने निर्धास्त होऊन डोळे मिटले, आणि जहांआरा पुढच्या खाटेकडे वळली.

आणि गाठ खरंच विरली. सरूबाईचे केस गेले, पण गाठही हाताला लागेनाशी झाली. तिकडे कापूस वेचणीला आला होता. बाई गावी गेली ती परत फिरकलीच नाही. तिचं तरी काय चुकलं? साधी गाठ होती, औषधानं विरली, आता नसलेल्या गाठीसाठी अंगावर चाकू कोण फिरवून घेईल?

त्याच सुमारास दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टने उपचारात सुधारणा करायचं मनावर घेतलं होतं. सगळीकडचे डॉक्टर शनिवारी पडद्यावर एकमेकांना भेटायचे आणि कुठं काय चुकतंय ते बघायचे. उपचार अर्ध्यावर सोडणारे सगळ्यांत जास्त कन्नड तालुक्यातले, म्हणजे पिशोरच्याच बाजूचे निघाले. कुणी म्हणालं एसटीचे हाल, कुणी म्हणालं शेतीची कामं. भालेराव बाईंनी जहांआराला विचारलं, "तुझी रोज गाठ पडते त्यांच्याशी. तुला काय वाटतं?"

"येण्याजाण्याचेच हाल आहेत, मॅडम," ती म्हणाली. खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं. कुणाची मर्जी राखायला खोटं बोलायची सवय एकदा लागली, की ती पेशंटपुरती राहत नाही. झालं, कन्नडहून फुकट गाडी सुरू झाली. गाडी वेळेवर यायची, आणि निम्मी रिकामी यायची.

शेवटी तिने सरूबाईला फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय मी. अगं, आमच्या शेजारच्या भागूबाईला बी गाठ आलीया. दवाखान्यात निघाली व्हती. मी म्हणलं, कशापायी घाबरती, माझी बी तशीच व्हती. जहांआरा सिस्टर शपथ घिऊन म्हणली, साधी असती."

तिचं खोटं आता दुसऱ्या घरात जाऊन बसलं होतं. त्या संध्याकाळी नमाजला बसली, पण माफी मागायला तिची जीभ रेटेना. जिची मागायची ती तिकडे पिशोरला होती. आपल्याला लोक चांगलं म्हणतात, त्याचीच तिला लाज वाटली.

सकाळी तिने भालेराव बाईंना सगळं सांगितलं. बाई आधी भडकल्या, मग खुर्चीत बसल्या. "मीही गाठच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "जा, घेऊन ये तिला."

जहांआरा त्याच रिकाम्या गाडीतून पिशोरला गेली. सरूबाई ओसरीवर होती. तिला बघून हरखली, चहा टाकायला उठली. जहांआराने तिला खाली बसवलं. "मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. तो कॅन्सरच होता. गाठ हाताला लागत नाय, पण आजार गेलेला नाय. इलाज अर्धाच झालाय."

रामकिसन दारात मान खाली घालून उभा होता. सरूबाई ओरडली नाही की रडली नाही. "त्याचं कळतंय मला," लेकाकडे न बघता ती म्हणाली. "पोटचं हाय, भ्यालं आसंल. पण तुला तर मी ईचारलं व्हतं ना, माय?"

मग ती उठली, लुगडं बदललं, शेजारून भागूबाईला हाताला धरून घेऊन आली आणि दोघी गाडीत बसल्या. दौलताबाद मागं पडलं. जहांआराने पाण्याची बाटली पुढे केली, तर सरूबाईने भागूबाईजवळची घेतली.

दवाखान्यात भागूबाईच्या तपासण्या सुरू झाल्या आणि सरूबाईच्या नव्याने झाल्या. गाठ पुन्हा डोकं वर काढत होती, पण आजार दुसरीकडे कुठंच गेलेला नव्हता. ऑपरेशन करता येत होतं. भालेराव बाईंनी हे सांगताच जहांआरा वॉर्डात जवळजवळ पळतच गेली. "मावशी, कुठंच पसरलेलं नाय. ऑपरेशन होतंय. तुम्ही बऱ्या होऊ शकता."

सरूबाई पिशवी आवरू लागली. "आता कशाला लपवतीस? व्हायचं ते व्हईल. मला आपलं गावाकडं धाड."

"खरं सांगते, मावशी."

सरूबाईने मान फिरवली. खाटेपलीकडे वच्छलाबाई आया फरशी पुसत होती. तिला ना रिपोर्ट ठाऊक ना पेशंटचं नाव. "बाई, तू सांग," सरूबाई तिला म्हणाली. "ही म्हणती ते खरं हाय का?"

वच्छलाबाईने गोंधळून जहांआराकडे पाहिलं. जहांआराने होकारार्थी मान हलवली.

"व्हय, खरं हाय," वच्छलाबाई म्हणाली.

"मग करू दे ऑपरेशन," सरूबाई म्हणाली आणि खाटेवर आडवी झाली.

ऑपरेशनचा दिवस सरूबाईला सांगायचा राहिला होता. जहांआराने तो वच्छलाबाईच्या कानात सांगितला.